इच्छाशक्तीची रोजकीर्द

मे महिन्यात जळगावात भर दुपारी लाइट गेली, की आमच्या गल्लीतली माणसं ओट्यावर येतात, बनियन वर करून पोटाला वारा घालतात आणि वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडतात. नाना तेवढे घरातच असतात. बंद पंख्याखाली खुर्ची, खुर्चीत ताठ बसलेले नाना, डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर. पारा पंचेचाळिशीला टेकलेला. घामाची धार कानामागून गळ्यात उतरते, पण नाना ती पुसत नाहीत. ते पंखा फिरवत असतात. मनाने.

तीन तासांनी लाइट येते आणि पंखा कुरकुरत फिरायला लागतो. दुसरा कुणी असता तर त्याने गल्लीभर पेढे वाटून पुढच्या गुरुवारपासून दरबार भरवला असता. नाना डोळे उघडतात, घड्याळ बघतात, लाल कापडी बांधणीची वही पुढे ओढतात आणि लिहितात : ‘इच्छा – १.४० ते ४.५०. परिणाम – पंखा सुरू. शेरा – शेजारीही लाइट आली. श्रेय घेता येत नाही.’

या एका शेऱ्यात अख्खे नाना आले.

मनाच्या जोरावर जड वस्तू हलते, असं मानणारी माणसं आपल्याकडे पायलीला पन्नास मिळतील. कुणाच्या मामाने नुसत्या नजरेने बैलगाडी थांबवलेली असते, कुणाच्या गुरूंनी मनगटावरचं घड्याळ. ही माणसं हिशेब ठेवत नाहीत. जी हिशेब ठेवतात, ती असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाहीत. निसर्गाने ही वाटणी सोयीने केलेली आहे. नानांच्या बाबतीत मात्र काहीतरी गफलत झाली. ते मनाने वारकरी आणि हाताने मुनीम. चमत्कार होणार, आज नाही तर उद्या होणारच, यावर त्यांची गाढ श्रद्धा. आणि झालेला चमत्कार वहीत आला, की तो खोडणारेही तेच.

नाना एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. तीसेक वर्षं त्यांनी पोरांना लंबक मोजायला लावले. उत्तर आधी पाहून उलट्या बाजूने आकडे बसवणारा विद्यार्थी ते दारातूनच ओळखत. “तुझा लंबक फार शहाणा दिसतो,” म्हणत आणि पान परत करत. पगार प्राध्यापकापेक्षा कमी, पण दरारा जास्त. अशा माणसाला मनशक्तीचा नाद लागला तो सत्तरच्या दशकात. युरी गेलर नावाचा इस्रायली तरुण नुसतं बोट फिरवून चमचे वाकवतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. त्या महिन्यात काकूंच्या घरातला एकही चमचा डब्यात सापडत नव्हता. सगळे नानांच्या टेबलावर ओळीने निजलेले. एकही वाकला नाही. पुढे कळलं, की १९७३ साली अमेरिकेत जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात जेम्स रँडी या जादूगाराच्या सल्ल्याने चमचे कार्यक्रमवाल्यांनी स्वतःचेच आणले होते, गेलरच्या माणसांचा हात त्यांना लागू दिला नव्हता, आणि मग गेलरला वीसेक मिनिटं काहीच जमलं नव्हतं. नानांना गेलरचा राग आला नाही. ते म्हणाले, “म्हणजे माझी आणि त्याची शक्ती सारखीच आहे. फक्त त्याला चमच्यांची आगाऊ भेट मिळायची.”

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितोय ही बातमी दिल्लीहून निघाली ती दुपारपर्यंत आमच्या गल्लीत. तेव्हा मी शाळकरी होतो. आई तांब्या घेऊन निघाली, मी तिच्या मागे. देवळाच्या रांगेत नाना उभे. एका हातात दुधाची बाटली, दुसऱ्या हातात काचेचं मोजपात्र, खिशात पिपेट. नंबर लागल्यावर त्यांनी भक्तिभावाने हात जोडले आणि पिपेटने मोजून बरोबर दहा मिलिलिटर दूध चमच्यात घेतलं. चमचा सोंडेला टेकवला. दूध गेलं! मागच्या बायकांनी जयजयकार केला. नानांचे डोळे पाणावले. आणि त्याच पाणावलेल्या डोळ्यांनी ते खाली वाकून मूर्तीच्या पायाशी आधीच सरकवून ठेवलेली ताटली काढायला लागले. त्यातलं दूध मोजपात्रात ओतलं. नऊ पूर्णांक चार. पुजारी म्हणाला, “हे कुठलं तीर्थ काढलं?” नाना म्हणाले, “राहिलेलं सहा दशांश मूर्तीच्या अंगाला ओलं आहे, गुरुजी.” मागची रांग ओरडायला लागली, तेव्हा ते बाजूला झाले. दूध पृष्ठताणाने चमच्याच्या काठावरून सोंडेला चिकटतं आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरतं, हे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शास्त्रज्ञांनी सांगितलं. नानांच्या वहीत ते त्याच संध्याकाळी होतं. शेवटी एक ओळ : ‘देव प्यायले नाहीत. नमस्कार केला.’

नाना निवृत्त झाले, मी बँकेत चिकटलो, आणि एक दिवस त्यांनी मला ओट्यावरून हाक मारली. “बापू, तुला आकडे नीट लिहिता येतात का?” बँकेतल्या माणसाला असं विचारणं म्हणजे वाण्याला तागडी धरता येते का विचारणं. मी हो म्हणालो, आणि तिथून नानांच्या इच्छाशक्तीचा बिनपगारी कारकून झालो.

नानांना प्रिन्स्टनचा शोध लागला होता. अमेरिकेतल्या त्या विद्यापीठात रॉबर्ट जान हे अभियांत्रिकी शाखेचे अधिष्ठाते. माणूस रॉकेट इंजिनांतला, साधासुधा नव्हे. त्यांनी १९७९ साली ब्रेंडा डन यांच्या जोडीने एक प्रयोगशाळा काढली. काम एकच : माणसाच्या नुसत्या इच्छेने यंत्र बदलतं का, ते मोजायचं. एक विजेचं यंत्र होतं. ते नाणेफेकीसारखे शून्य आणि एक असे आकडे टाकत राही. समोर माणूस बसून मनात म्हणायचा, वर जा. मग म्हणायचा, खाली जा. मग काहीच म्हणायचा नाही. दुसरं यंत्र भिंतीएवढं. त्याला ते लाडाने मर्फी म्हणत. वरून प्लास्टिकच्या नऊ हजार गोळ्या सुटायच्या, तीनशे तीस खुंट्यांवर आपटत खाली एकोणीस कप्प्यांत पडायच्या, मध्ये ढीग जास्त, कडेला कमी. माणसाने सोफ्यावर बसून इच्छा करायची, की ढीग उजवीकडे सरकावा.

“आणि सरकला?” मी विचारलं.

“सरकला की!” नानांचे डोळे चमकले. “त्यांच्या नोंदी म्हणतात, दहा हजार वेळा नाणं टाकलं तर दोन-तीन वेळा माणसाच्या मनासारखं जास्त पडतं.”

“दहा हजारांत दोन-तीन?”

“तोळ्यामागे दोन-तीन मिलिग्रॅम.”

हा हिशेब जळगावच्या माणसाला लगेच कळतो. सराफ बाजारात सोनं तोलताना पंखा बंद करतात, काट्याची काचेची पेटी लावून घेतात, गिऱ्हाईक जोरात श्वास सोडायला लागलं तर त्याला जरा मागे सरकायला सांगतात. दोन-तीन मिलिग्रॅम म्हणजे त्या गिऱ्हाइकाची फुंकर. अठ्ठावीस वर्षं, लाखो-करोडो नोंदी, आणि शेवटी प्रश्न उरला तो एवढाच : काटा मनाने हलला की फुंकरीने? दरम्यान जान यांनीच जर्मनीतल्या गीसन आणि फ्रायबुर्गच्या दोन प्रयोगशाळांना बरोबर घेऊन तोच प्रयोग नव्याने, ठरवून केला. २००० साली निकाल छापला. जो परिणाम मोजायला निघाले होते, तो तिघांनाही मिळाला नाही. २००७ च्या फेब्रुवारीत प्रिन्स्टनची प्रयोगशाळा बंद झाली.

आपला परिणाम दुसऱ्याच्या काट्यावर येत नाही, हे त्यांनी स्वतःच छापलं, या गोष्टीवर नाना फिदा होते. “यांना म्हणतात प्रयोग करणारे,” ते म्हणाले. “आता आपण करू.”

आधी त्यांना हेल्मुट श्मिट यांचं यंत्र हवं होतं. बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या या शास्त्रज्ञाने १९६९ च्या सुमारास किरणोत्सारी स्ट्रॉन्शियमवर चालणारं यंत्र केलं होतं. नऊ दिव्यांचं रिंगण, उजेड कधी उजवीकडे सरकणार तर कधी डावीकडे, आणि माणसाने तो मनाने वळवायचा. नानांनी दिवाळीची लायटिंगची माळ आणली, पण स्ट्रॉन्शियम आणायचं कुठून? सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात चौकशी केली. दुकानदाराने विचारलं, “किती कॅरेटमध्ये पाहिजे?”

मग मर्फी. आमच्या पिढीला मर्फी म्हणजे रेडिओ. नानांचा मर्फी म्हणजे प्लायवूडची फळी, दीडशे खिळे, खाली अकरा कप्पे आणि वरून सोडायला दोन किलो हिरवे वाटाणे. फळी ओसरीच्या भिंतीला टेकवली. रोज सकाळी सातला नाना समोर पाटावर बसत, “उजवीकडे,” असं मनात म्हणत आणि चाडं उघडत. वाटाणे खिळ्यांवर ताशासारखे वाजत उतरत. मग मी एकेका कप्प्यातले मोजायचे. काकू आतून विचारायच्या, “उसळीपुरते कधी सुटतील?”

पहिल्याच आठवड्यात वाटाण्यांनी उजवीकडे धाव घेतली. दुसऱ्या आठवड्यातही. प्रिन्स्टनचं दहा हजारांत दोन. नानांचं शंभरात सहा! नाना हवेत. मला म्हणाले, “बापू, हे आता छापावं लागेल.” बेचाळीस दिवस हे चाललं. त्रेचाळिसाव्या दिवशी मी गेलो तर नाना ओसरीत पालथे पडलेले. मी घाबरलो. ते म्हणाले, “गप. पाणसळ लावतोय.” गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ त्यांनी फरशीवर ठेवली होती. बुडबुडा एका बाजूला पळून बसला होता. घर जुनं, ओसरीच्या फरशीला मोरीकडे उतार. नानांच्या इच्छाशक्तीची दिशा आणि मोरीची दिशा एकच होती.

मी म्हणालो, “उतार थोडा असेल नाना, पण थोडी इच्छाशक्तीही असेलच की.” त्यांनी माझ्याकडे, उलट्या बाजूने आकडे बसवणाऱ्या पोरांकडे बघत तसं बघितलं. बेचाळीस पानांवर बेचाळीस तिरप्या रेघा मारल्या आणि शेऱ्यात लिहिलं : ‘मोरी.’

फळीखाली पाचर घालून पुन्हा सुरू केलं, तेव्हा वाटाणे डावीकडे झुकले. उजव्या कप्प्यांतले रात्री उंदीर नेत होते. शेरा : ‘उंदीर.’ तिसऱ्यांदा सगळं नीट बसवलं आणि ढीग बरोबर मध्ये आला. तीन महिने मध्येच राहिला. काकूंनी मग त्याची उसळ केली.

पण मला खरं शिकवलं ते नाणेफेकीने. वाटाण्यांनंतर नाना नुसतं रुपयाचं नाणं उडवायचे. शंभर वेळा छाप्याची इच्छा, शंभर वेळा काट्याची. मी शेजारी पेन्सिल घेऊन. पहिल्या दहा दिवसांत छाप्याच्या पानावर छापा जास्त, काट्याच्या पानावर काटा जास्त. फरक थोडा, पण रोजचा. अकराव्या दिवशी नानांनी नातवाला मोबाइल घेऊन समोर बसवलं आणि सगळ्या फेकी चित्रित करून घेतल्या. रात्री त्यांनी ते चित्रण आणि माझं पान शेजारी ठेवून तपासलं. दोनशे फेकींत माझ्या तीन चुका. तिन्ही नानांच्या बाजूच्या.

मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. शपथेवर सांगतो, एकही मुद्दाम केली नव्हती. रोज सकाळी तो म्हातारा नाण्याकडे इतक्या आशेने बघायचा, की माझी पेन्सिल मला न विचारताच दया दाखवत होती. नाना रागावले नाहीत. म्हणाले, “१९३९ साली अमेरिकेत दोघांनी हेच तपासलं होतं. मनातले पत्ते ओळखण्याचा खेळ, आणि नोंद करणारे दोन प्रकारचे. विश्वास ठेवणाऱ्यांच्या चुका गुण वाढवणाऱ्या, न ठेवणाऱ्यांच्या कमी करणाऱ्या. तू एकटा नाहीस, बापू.” आणि शेरा लिहिला : ‘जड वस्तू हलली. पेन्सिल.’

यानंतरची गोष्ट धुळ्याकडची.

नानांचे शालक, म्हणजे काकूंचे थोरले भाऊ आबा, धुळ्याच्या पुढे सोनगीरच्या बाजूला शेती करतात. आसपासच्या तालुक्यांत त्यांची ख्याती पाणी दाखवणारे म्हणून. तळहातावर नारळ आडवा ठेवतात, शेंडी बोटांकडे, आणि शेतातून अनवाणी चालत जातात. पाण्यावर आले, की नारळ हातावर ताडकन उभा राहतो. लोक तिथे बोअर घेतात. आबा पैसे घेत नाहीत. नारळ तेवढा ठेवून घेतात. अण्वस्त्राची गुपितं असावीत तशी ही विद्या त्यांनी सांभाळली आहे, आणि ती नारळाची नाही, मनाची आहे, असं त्यांचं म्हणणं.

नाना वीस वर्षं हे ऐकत आले होते. विचारायची हिंमत नव्हती. बायकोच्या भावाची परीक्षा कोण घेणार? पण एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबाच जळगावला आले, पुरणाचे मांडे खाऊन तृप्त झाले आणि म्हणाले, “दाजी, तुमी वाटानासना नाद कसाले करतंस? मनं नारय तपासा ना!” वाटाण्यांचा नाद कशाला करता, माझा नारळ तपासा. नानांनी त्या रात्री झोप घेतली नाही.

तयारी सहा महिने चालली. परीक्षा कशी आखायची, याचा त्यांचा धडा पुण्याचा होता. जयंत नारळीकरांनी २००८ साली सांख्यिकीचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, अशा दोनशे कुंडल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पाठवल्या : यातली कुठली कोणाची, ते सांगा. सत्तावीस जणांची उत्तरं आली. सरासरी शेकडा सेहेचाळीस बरोबर. “नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती,” नाना म्हणायचे, आणि पुढे घाईने जोडायचे, “पण नारळाचं वेगळं असू शकतं.”

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सकाळची एसटी धरली. एरंडोल, पारोळा, धुळे. पाच कंदिलाजवळ चहा. मग आग्रा रोडने सोनगीर. नानांच्या मांडीवर वही, माझ्या मांडीवर चिठ्ठ्यांचा डबा. आबा बांधावर उभे होते. “या दाजी, बठा. पह्यले भरीत, मंग परीक्षा.” नाना म्हणाले, “आधी परीक्षा.” भरल्या पोटी निरीक्षण ढिलं पडतं, असं त्यांचं मत.

लिंबाखाली दहा हंडे ओळीने मांडले. सोनगीरचे तांब्याचे, एकासारखा एक. गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांचं, त्यामुळे दहा हंडे गोळा करायला दहा मिनिटं लागली. आधी उघडा फेरा. एका हंड्यात पाणी, नऊ रिकामे, आबांना सगळं दिसतंय. आबा चालत आले. नारळ हातावर निजलेला. भरल्या हंड्याशी आल्याबरोबर तो उठला! मी तीन फुटांवर होतो. हात हलला नाही, बोटं हलली नाहीत, नारळ उठला. पाच फेरे, पाचही बरोबर. नानांच्या तोंडून शब्द फुटेना.

मग गोणपाटं घातली. मी आणि आबांचा सालदार हंड्यांपाशी. मी आबांच्या टोपीतून चिठ्ठी काढायची, त्या आकड्याच्या हंड्यात सालदाराने पाणी ओतायचं, बाकीचे रिकामे, सगळ्यांवर गोणपाट. सांडलेल्या थेंबांवरून कळू नये म्हणून दहाही हंड्यांखालची जमीन सारखीच शिंपायची. मग आम्ही दोघं गोठ्याआड जायचं. नाना आणि आबा विहिरीकडून यायचे. दोघांनाही काही माहीत नाही. आबा हंडा दाखवणार, नाना आपल्या पानावर आकडा लिहिणार. असे वीस फेरे. दहाव्या फेऱ्याला सालदार मला हळूच म्हणाला, “इतलं पानी कपाशीले दिधं असतं ते दोन सऱ्या भिजी जात्यात.”

दुपारी खाटेवर बसून निकाल. मी माझं पान वाचायचं, नाना त्यांच्या पानावर खूण करायचे, आबा नानांच्या खांद्यावरून बघत होते. “एक : सहा.” चूक. “दोन : दोन.” चूक. “तीन : आठ.” नानांचा हात थरथरला. बरोबर! “सात : नऊ.” बरोबर! “सोळा : पाच.” बरोबर! विसापैकी तीन.

दहातला एक हंडा; डोळे झाकून बोट ठेवलं तरी विसात दोन यायचेच. तीन म्हणजे काही मोठं नाही, नुसत्या नशिबानेही दर तीन परीक्षांत एकदा तीन किंवा जास्त येतात, हे नानांनीच मला बसमध्ये समजावलं होतं. पण आता त्यांचा चेहरा बघायला हवा होता. “अपेक्षेच्या दीडपट!” ते म्हणाले. “प्रिन्स्टनला दहा हजारांत दोन मिळाले, बापू. इथे विसात एक!”

आबा मात्र खूश दिसेनात. वीसच्या वीस येणार, असं त्यांचं म्हणणं होतं. “हंडामातलं पानी मरेल शे, दाजी. जिमीनमातलं पानी जित्तं ऱ्हास.” नाना हळूच म्हणाले, की १९९० साली जर्मनीतल्या कासेलला असे तीस जण जमले होते, जमिनीत अर्धा मीटर खोल पाइप पुरून त्यातून पाणी वाहतं सोडलं होतं. पाणी चालू आहे की बंद, एवढंच सांगायचं होतं. तिथेही नशिबापलीकडे काही निघालं नाही.

“मंग मी खोटं बोलस का?” आबांचा आवाज चढला.

“नाही हो आबा. तुमचा हात तुमच्या मनाचं ऐकतो. फक्त तुम्हाला न विचारता ऐकतो.” आणि नानांनी काकूंकडून मागून आणलेली अंगठी काढली, तिला दोरा बांधला आणि आबांच्या बोटात दिली. “तांब्यावर धरा. मनात नुसतं म्हणा, गोल फिर.” अंगठी गोल फिरायला लागली. “आता डोळे मिटा.” हळूहळू तिचा जोर ओसरला, ती थबकली. शेव्रेल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ साली हेच लिहून ठेवलं होतं. पुढे टेबलं फिरवणाऱ्या भुतांची हवा आली, तेव्हा १८५३ साली फॅरडेने टेबलावर पुठ्ठ्यांचे थर मऊ डिंकाने चिकटवले आणि दाखवलं, की टेबल हाताला ओढत नाही, हात टेबलाला ढकलतो. हाताच्या धन्यालाच पत्ता नसतो.

“पन मनं बोअरले पानी लागस!” आबा म्हणाले. लागतंच. धुळ्याची जमीन काळ्या पाषाणाची, थरावर थर. मुरूम, मांजऱ्या खडक, मध्ये भेगा. खोल जात राहिलं, की बऱ्याच जागी कुठल्या ना कुठल्या भेगेला ओल भेटते. ज्याला लागतं तो नारळ घेऊन येतो. ज्याचा बोअर फुसका जातो तो ज्याच्या त्याच्या नशिबाला बोल लावत घरी बसतो, आबांच्या ओट्यावर येत नाही. म्हणून आबांच्या आठवणीत सगळे बोअर ओलेच.

हे सगळं नानांनी सांगितलं नाही. ते भरीत आलं म्हणून थांबले. कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल, कांद्याची पात. नाना जेवताना दोनदा म्हणाले, “पण तीन आले हां, आबा.”

परतीच्या बसमध्ये खिडकीशी नाना गुणगुणत होते. पारोळा आलं आणि ते गप्प झाले. वही उघडली, चष्मा कपाळावर नेला, पान डोळ्यांशी धरलं. मग माझं पान मागितलं. “सातवा फेरा. तू काय वाचलंस?”

“नऊ.”

त्यांनी आपलं पान माझ्यापुढे केलं. सातव्या ओळीत त्यांच्या हातचा आकडा. घाईतला, शेपूट जरा वळलेलं. तो ‘९’ वाचता येत होता. पण तो ‘१’ होता. बाकीच्या ओळींतले सगळे एक तसेच होते.

एरंडोल येईपर्यंत नाना काही बोलले नाहीत. मग पेन्सिल काढून त्यांनी ती खूण खोडली. विसापैकी दोन. नशिबाच्या वाट्याला जेवढे येतात, नेमके तेवढे.

घरी पोचल्यावर पाय न धुता त्यांनी आबांना फोन लावला. स्पीकर सुरू होता. “आबा, माझ्याकडून एक चूक झाली. तुमचा एक गुण कमी करावा लागतोय.”

“सातवा ना?” पलीकडून आबा म्हणाले. “माले तव्हयच समजनं व्हतं. मी ते पह्यला हंडाजोडे हुभा व्हतू.”

“अहो, मग बोलला का नाहीत?”

“तुमी इतला खूश व्हयेल व्हतात, दाजी. मी कसाले बोलू?”

फोन ठेवल्यावर नाना बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. पंखा सुरू होता. लाइट गेलेली नव्हती. मग त्यांनी वही ओढली आणि रकाने भरले. ‘जड वस्तू – पेन्सिल. इच्छा – दोघांची, एकमेकांसाठी. परिणाम – आठ हंड्यांचं अंतर.’ शेऱ्याशी थोडे अडखळले, माझ्याकडे वळले.

“बापू, बँकेत तुमच्याकडे चेकवर रक्कम दोनदा लिहितात ना?”

“हो. आकड्यात आणि अक्षरी.”

“आखाजीला परत जाऊ,” नाना म्हणाले. “या वेळी सगळं अक्षरी लिहायचं.”